१८ जून रस्ता संध्याकाळी चालणाऱ्यांना द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पणजीचा १८ जून हा बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद करावा की नको यावर दुकानात, बसमध्ये, जिथे जावं तिथे वाद ऐकू येतात म्हणून लिहितोय. माझं मत, करावा, आणि लवकर करावा.

मागच्या चवथीच्या आधी आईला घेऊन कपडे घ्यायला गेलो होतो. रायबंदरहून बसने आलो, पुढे चालत, तर फुटपाथभर स्कूटर लावलेल्या, म्हणून आई खाली रस्त्यावर उतरली आणि मागून आलेल्या स्कूटरचा आरसा तिच्या कोपराला लागला, चालवणारा थांबलासुद्धा नाही. हाड वाचलं, पण तेव्हापासून ती म्हणते तूच जा, मी नाही येत. बाजाराची एवढी हौस असलेलं माणूस घरी बसलं, याचं फार वाईट वाटतं.

दुकानदार म्हणतात दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक जाईल. अहो पण आज तरी कुठे लागते? मी याच रस्त्यावर सात वर्षं एका दुकानात काम केलंय, सकाळी शटर वर जायच्या आधीच दारासमोरच्या जागा मालकांच्या आणि आम्हा कामगारांच्या गाड्यांनी भरायच्या त्या रात्रीच हलायच्या, गिऱ्हाईक तीन फेऱ्या मारून लांब कुठेतरी गाडी लावून शेवटी चालतच यायचं.

दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ गाड्यांना बंदी आहे, मालाची ने-आण रात्री. आपल्याला एवढंही नको, संध्याकाळी ५ ते ९ पुरे. आधी ट्रायल म्हणून करून बघा, पण ती रविवारी नको हं, रविवारी निम्मी दुकानं बंद असतात, मग धंदा झाला नाही म्हणून ओरडायला मोकळे. आठवड्यातले कामाचे दिवस घ्या. अँब्युलन्स, वर राहणारी कुटुंबं, ज्यांना चालता येत नाही अशी माणसं यांना सूट हवीच. शेजारच्या एम. जी. रोडवर गर्दी वाढेल हेही खरं, त्यासाठी बसस्टँडजवळच्या पाटोच्या बहुमजली पार्किंगपासून दर दहा मिनिटांनी छोटी बस सोडा, नाहीतर सगळ्या गाड्या आतल्या गल्ल्यांत घुसतील आणि तिथले लोक वैतागतील.

आणि फुटपाथवरच्या स्कूटर उचलायला तर ट्रायलही नको नि मीटिंगही नको, ते उद्यापासूनच करा.

– एक रायबंदरकर