कुस्तीचा निकाल टीव्हीने ठरवला नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकी धर्तीच्या व्यावसायिक कुस्तीवरचा लेख वाचला. एका अस्सल खेळाचा टीव्हीने तमाशा करून टाकला, असा त्याचा एकूण सूर होता. लेखकाची तळमळ कळते, पण कालक्रम उलटा लागला आहे. टीव्ही घराघरांत पोहोचण्याच्या किमान पंचवीस वर्षं आधीपासून या कुस्त्यांचे निकाल ठरवून लागत होते. आणि तमाशा म्हणाल, तर तो त्याहूनही जुना.

मी आयुष्यभर नाटकांतल्या मारामाऱ्या बसवल्या. थपडा, तलवारी, जिन्यावरून गडगडत येणं, सगळं. त्यामुळे ‘खरं की खोटं’ या वादात मला फारशी गोडी नाही. कोण पडतो, कसा पडतो आणि पडल्यावर त्याच्याकडे कोण बघतं, इकडेच माझं लक्ष जातं.

अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये कुस्तीचे तंबू असत. बाहेर फळीवर पैलवान उभा करायचा आणि ‘इतकी मिनिटं याच्यासमोर टिका, बक्षीस घेऊन जा’ अशी आरोळी ठोकायची. गर्दीतून पहिल्यांदा पुढे येणारा तरणाबांड गडी पुष्कळदा तंबूवाल्यांचाच माणूस असे. त्याने जरा रंगत आणली की बाकीचे खिशात हात घालत. तरीही फळीवरच्या पैलवानाला खरी कुस्ती यावीच लागे, कारण गर्दीत एखादा खराखुरा दांडगा निघालाच तर त्याला गप्प करायचं कामही त्याचंच.

पुढे मोठ्या शहरांत जगज्जेतेपदाच्या कुस्त्या झाल्या. त्यातल्या काही निखालस खऱ्या होत्या आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. गामाची ताकद बघून झिबिस्को जवळजवळ पूर्ण वेळ पालथा पडून राहिला. अडीच तासांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं होतं, झिबिस्को फिरकलाच नाही. ४ जुलै १९१६ ला अमेरिकेत ओमाहा इथे जो स्टेचर आणि एड ‘स्ट्रँगलर’ लुईस यांची कुस्ती पाच तासांच्या आसपास चालली. अंधार पडला, मोटारींचे दिवे मैदानाकडे वळवावे लागले, निकाल नाहीच. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. दोन तुल्यबळ माणसं एकमेकांना धरून तासन् तास निश्चल. खरेपणाचा कंटाळा येतो हो, रंगभूमीवर आम्ही हे फार लवकर शिकतो.

या कंटाळ्यावरचा तोडगा १९२० च्या दशकात निघाला. तो काढणारा हाच लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि ‘टूट्स’ माँट हा डोकेबाज पैलवान. त्यांनी वेळेची मर्यादा घातली, आपटाआपटी आणि धावपळ वाढवली, पैलवानांचा ताफा बांधून घेतला आणि तोच कार्यक्रम शहरोशहरी नेला. कोण कुठे जिंकणार, हे आता मालक ठरवू लागले. नाटक कंपनीच झाली म्हणा ना, फक्त प्रेक्षकांना तसं सांगितलेलं नव्हतं.

या कंपनीची फजिती मला फार आवडते. वेन मन हा उंचापुरा अमेरिकन फुटबॉलपटू, दिसायला देखणा, कुस्तीत कच्चा. गर्दी खेचेल म्हणून जानेवारी १९२५ मध्ये लुईसने त्याला जगज्जेतेपद देऊन टाकलं. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरायला एक भरवशाचा, चाळिशी उलटलेला पैलवान ठेवला होता. तो म्हणजे आपला झिबिस्को! गामासमोर पालथा पडून राहिलेला हा माणूस त्या रात्री मात्र खरोखर लढला. विरोधी गटाने त्याला आधीच फोडलं होतं. त्याने मनला पुन्हा पुन्हा इतकं उघड चीत केलं की पंचांना निकाल देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. या प्रसंगानंतर, नुसता देखणा नव्हे तर वेळ आली तर स्वतःचं विजेतेपद खऱ्या कुस्तीने राखू शकेल असा माणूस गादीवर बसवायची काळजी मालक घेऊ लागले. लू थेझ बराच काळ विजेता राहिला तो याच जोरावर.

आता टीव्ही. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी वाहिन्यांना स्वस्त कार्यक्रम हवे होते. रिंग लहान, उजेड भरपूर, दोन कॅमेऱ्यांत काम भागतं. तिथे जॉर्ज वॅग्नर ऊर्फ ‘गॉर्जस जॉर्ज’ अवतरला. सोनेरी कुरळे केस, झगमगता झगा आणि पुढे अत्तर फवारत चालणारा नोकर. पंचांचे हात आधी निर्जंतुक केल्याशिवाय हा अंगाला हात लावू देत नसे. लोक त्याला शिव्या घालायला पैसे मोजत. तरुण मुहम्मद अलीने, तेव्हाच्या कॅशियस क्लेने, १९६१ मध्ये त्याला पाहिलं आणि बढाईची विद्या उचलली. टीव्हीने कुस्ती खोटी केली नाही. तिचा अभिनय जवळून दाखवला, इतकंच.

दरम्यान जपानमध्ये १९५४ साली रिकीडोझान परदेशी पैलवानांना लोळवताना पाहायला रस्त्यांवरच्या टीव्हीसमोर गर्दी उसळली. मेक्सिकोत एल सांतो हा मुखवटाधारी पैलवान १९८४ मध्ये मुखवट्यासकट पुरला गेला. आपल्या लेखात या दोघांचा उल्लेखही नसावा याचं नवल वाटलं.

‘हे खोटं आहे’ हे मालकांनी पहिल्यांदा अधिकृतपणे कधी कबूल केलं, हे मात्र छापायला हवं होतं. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटसमोर डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्तीच्या कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सांगितलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. सचोटीचा झटका आला म्हणून नव्हे. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे परवाने आले, देखरेख आली, सामन्याआधीची वैद्यकीय तपासणी आली, प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटलं की हे सगळं सुटतं. गुपित फोडल्याबद्दल पैलवानांना पिढ्यानपिढ्या धाक घातला आणि कर वाचतोय म्हटल्यावर मालकांनी स्वतःच ते फोडलं.

आणि तपासणी सुटली ती कोणाची? उचलून आपटण्याच्या डावात टाळ्या उचलणाऱ्याला पडतात. काम करतो दुसरा. तो स्वतः उडी घेतो, वजन समोरच्याच्या अंगावर नीट सोपवतो, हनुवटी छातीला चिकटवतो, श्वास सोडतो, पाठ आणि तळवे एकदम टेकवतो, म्हणजे धक्का वाटला जातो. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, मग लाकडी फळ्या, मग लोखंडी सांगाडा. १९८७ मध्ये हल्क होगनने अजस्र आंद्रेला उचललं, ते दृश्य आपणही छापलंत. आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली होती आणि कपड्याखाली पट्टा होता. त्याने उचलू दिलं म्हणून तो उचलला गेला. माझ्या मते त्या रात्रीचा मोठा कलावंत तो होता.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत याच कंपनीच्या ओवेन हार्ट या पैलवानाला छतावरून दोराने रिंगमध्ये उतरायचं होतं. कडी सुटली, तो खाली कोसळला आणि मरण पावला. कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. दोरावरचे प्रसंग मीही बसवलेत. रोखायला साधा पडदा पाडायचा असतो, त्याला मिनिटही लागत नाही. तो पडदा का पाडला नाही, याचं मला पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

या पैलवानांना कंपनी नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने सहकाऱ्यांपुढे संघटनेचा विषय काढला. बात मालकापर्यंत पोहोचली आणि संघटना जन्मलीच नाही. पुढे हा माणूस मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, पैलवानांची संघटना मात्र त्याच्याही हातून उभी राहिली नाही.

तेव्हा या कुस्त्या क्रीडा पानावरून काढा, हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. त्या रंगभूमीच्या पानावर घ्या. पण तिथे घेतल्यावर नटाचा करार, विमा आणि दुखापत यांबद्दल आपण जसं विचारतो, तसं यांच्याबद्दलही विचारा.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. लेखासोबतच्या चौकटीत होगन-आंद्रे सामन्याला ९३,१७३ प्रेक्षक होते असं छापलं आहे. तो कंपनीने जाहीर केलेला आकडा. प्रत्यक्षात ७८ हजारांच्या आसपास माणसं होती असं लिहिणारे जाणकार आहेत. निकालासारखा हा आकडाही आधीच ठरला असावा, असा मला दाट संशय आहे. पुढच्या वेळी ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द जोडावेत.