नितीनला, मेक्टिलाच्या शर्मनबद्दल

पुणे, रविवार

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रणगाड्याचं किट घेतलंस हे वाचून आनंद झाला, आणि पहिलंच मॉडेल डेक्कन हॉर्सच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात मेक्टिलाला लढलेल्या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या, शर्मनचं (अमेरिकन रणगाड्याचं) करायचं ठरवलंस हे वाचून त्याहून जास्त. तू विचारलंयस की तामिया कंपनीचं १/३५ प्रमाणातलं ‘ईझी एट’ (शर्मनचाच एक उशिराचा प्रकार) घरात आहेच, त्यावर डेक्कन हॉर्सच्या खुणा लावल्या तर चालेल का. नाही चालणार. किट उत्तम आहे, पण तो रणगाडा ब्रह्मदेशात गेलाच नाही. का गेला नाही ते नीट सांगायचं तर पत्र लांबणार, तेव्हा चहा घेऊन बस.

एम४ए१, ए२, ए३, ए४ अशी नावं वाचली की वाटतं, ए१ जुना आणि ए४ सगळ्यात सुधारलेला. शर्मनच्या बाबतीत हे आकडे क्रम सांगतच नाहीत. १९४२-४३ मध्ये हे सगळे प्रकार एकाच काळात वेगवेगळ्या कारखान्यांतून बाहेर पडत होते. आकड्यावरून कळतं ते मुख्यतः इंजिन कोणतं आणि हल, म्हणजे रणगाड्याचं धड, कसा बनवलाय एवढंच. एम४ आणि एम४ए१ या दोघांनाही कॉन्टिनेन्टलचं नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन, म्हणजे मुळात विमानाचं. एम४ चा हल पोलादी प्लेटा वेल्ड करून केलेला, तर एम४ए१ चा वरचा हल अख्खा ओतीव, म्हणून त्याचे कोपरे गोल. एम४ए२ ला जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिनं शेजारी-शेजारी. एम४ए३ ला फोर्डचं पेट्रोलवर चालणारं व्ही-८. एम४ए४ चं प्रकरण तर अफाट आहे. क्रायस्लरनं मोटारगाडीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं एक इंजिन केलं. मला हा सगळ्या शर्मनांतला सर्वांत विलक्षण वाटतो आणि तुला हवा आहे तोही हाच.

एवढे प्रकार झाले ते हौसेनं नाही. रेडियल इंजिनं विमानांना हवी होती, त्यामुळे रणगाड्यांसाठी जे मिळेल ते इंजिन बसवावं लागलं. अख्खा हल ओतू शकतील अशा फाउंड्र्याही मोजक्याच होत्या. लिमा, बाल्डविन, अल्को हे रेल्वेची इंजिनं करणारे, पुलमन आणि प्रेस्ड स्टील हे डबे करणारे, क्रायस्लर, फोर्ड, फिशर हे मोटारवाले, असे सगळे या कामाला जुंपले गेले आणि ज्याच्याकडे जी यंत्रसामग्री होती तिच्यात बसेल तसा रणगाडा त्यानं केला. अशा रीतीनं युद्ध संपेपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास शर्मन तयार झाले. म्हणून शर्मन बघताना कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या महिन्याचा हे आधी विचारावं. किटच्या खोक्यावरच्या नावात यातलं अर्धंच येतं.

ब्रिटिशांची पद्धत मला जास्त आवडते, कारण ती एकदा कळली की नावावरूनच रणगाडा डोळ्यांसमोर येतो. एम४ म्हणजे शर्मन १, एम४ए१ म्हणजे २, ए२ म्हणजे ३, ए३ म्हणजे ४ आणि ए४ म्हणजे शर्मन ५. ते हे आकडे रोमन लिहितात. पुढं अक्षर नसेल तर तोफ नेहमीची ७५ मि.मी. ‘ए’ असेल तर अमेरिकन ७६ मि.मी., ‘बी’ म्हणजे १०५ मि.मी. हॉवित्झर, ‘सी’ म्हणजे ब्रिटिशांची सतरा पौंडी तोफ (हे नाव गोळ्याच्या वजनावरून). शेवटी ‘वाय’ आला की रुंद ट्रॅकचं आडव्या स्प्रिंगांचं सस्पेन्शन. म्हणजे ‘शर्मन ५ सी’ वाचलं की समजायचं, एम४ए४ वर सतरा पौंडी तोफ, अर्थात फायरफ्लाय. त्या तोफेचा मागचा भाग टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, मावेना म्हणून तो आडवा फिरवून बसवला, रेडिओला जागा उरेना म्हणून टरेटच्या मागच्या भिंतीला भोक पाडून बाहेर चिलखती पेटी वेल्ड केली आणि हलमधल्या मशीनगनवाल्याची जागा काढून तिथं गोळे भरले. फायरफ्लाय करायची वेळ आली की या तीन गोष्टी आधी बघ.

आता भारताकडं येऊ. अमेरिकन सैन्याला ते तीस सिलिंडरचं इंजिन नको होतं. सांभाळायला किचकट, आणि त्यांच्याकडं दुसरे पर्याय होते. त्यामुळं साडेसात हजारांच्या आसपास बनलेल्या एम४ए४ पैकी बहुतेक ब्रिटिशांच्या वाट्याला गेले आणि ब्रिटिशांच्या हातून भारतीय रेजिमेंटांकडं आले. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेक्टिलावर चालून गेलेल्या २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडमध्ये प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स शर्मन घेऊन लढले. म्हणून तू शर्मन ५ चंच किट घे. आसुका कंपनीचं, म्हणजे पूर्वीच्या तास्काचं, मी डोळे झाकून सुचवीन.

तुझा ईझी एट म्हणजे एम४ए३. त्याला फोर्डचं इंजिन, ७६ ची लांब तोफ, मोठं टरेट आणि रुंद ट्रॅक. तो १९४४ च्या डिसेंबरात युरोपात लढायला उतरला. त्याचा समोरचा उतारही वेगळा आहे. सुरुवातीच्या वेल्ड केलेल्या शर्मनची पुढची प्लेट उभ्या रेषेपासून ५६ अंश कललेली असते, आणि ड्रायव्हरच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या डोक्यापुढं दोन उंचवटे बाहेर आलेले असतात. नंतरच्या हलमध्ये प्लेट ४७ अंशांवर जास्त उभी झाली, उंचवटे गेले, झाकणं मोठी झाली. एम४ए४ चं उत्पादन १९४३ मध्येच थांबलं, त्यामुळं मोठ्या झाकणांचा एम४ए४ नसतोच. ट्रॅक बदलून, टरेट बदलून तू कितीही खटपट केलीस तरी हा उतार लपणार नाही.

एम४ए४ ओळखायची माझी आवडती जागा मात्र खाली आहे. तीस सिलिंडरचं ते धूड मावावं म्हणून हल साधारण २८ सें.मी. नं लांब केला, आणि त्यासाठी चाकांच्या तिन्ही जोड्यांमधलं अंतर वाढवलं. कोणताही फोटो घे आणि दोन बोगींच्या, म्हणजे चाकांच्या जोड्यांच्या, मधली मोकळी जागा बघ. इतर शर्मनमध्ये चाकं जवळजवळ चिकटलेली दिसतात, एम४ए४ मध्ये मधून उजेड दिसतो. १/३५ मध्ये ही वाढ होते ८ मि.मी., म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज कळेल इतकी. ट्रॅकच्या कड्याही एका बाजूला ७९ ऐवजी ८३ लागतात. सुट्या कड्यांचा ट्रॅक वेगळा मागवलास तर हा आकडा लक्षात ठेव. शिवाय टरेटच्या मागं इंजिनाच्या झाकणावर एक फुगवटा असतो आणि नाकाचं आवरण तीन तुकड्यांचं, बोल्ट लावून जोडलेलं असतं. या चार खुणा जुळल्या की शंका नको.

पण एवढ्यावर थांबू नकोस. आधी फोटो नक्की कर, मग सुरी उचल. एक रेजिमेंट, एक तारीख, जमलं तर एकच रणगाडा. त्या फोटोत टरेटच्या डाव्या बाजूला पिस्तुलाची खिडकी आहे का? १९४३ मध्ये काही महिने ती बंद केली होती, नंतर पुन्हा आणली. तोफेपुढची ढाल अरुंद आहे की पूर्ण रुंदीची? चाकं आऱ्यांची की भरीव? ट्रॅक रबरी की पोलादी, नक्षी कोणती? फोटोत दिसत नसलेली बाजू त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या फोटोवरून भर, दुसऱ्या आघाडीच्या फोटोवरून नको. नॉर्मंडीतल्या शर्मनच्या नाकावर झुडपांचे बांध फोडायला लावलेले पोलादी दात छान दिसतात, पण ब्रह्मदेशात त्यांचं काही काम नव्हतं.

एक गोष्ट तुला जवळून दाखवतो, कारण ती फार जण नुसती चिकटवून मोकळे होतात. हलच्या कडांवर, बाहेरून, चौकोनी जाड तुकडे वेल्ड केलेले दिसतील, उजवीकडं दोन आणि डावीकडं एक. आत त्याच जागी तोफगोळ्यांचे रॅक होते. तिथं गोळा घुसला की दारूगोळा पेटायचा आणि माणसं होरपळायची, म्हणून बाहेरून जादा चिलखत लावलं. टरेटच्या उजव्या गालावरही असाच तुकडा असतो, कारण आतलं फिरवायचं यंत्र बसावं म्हणून तिथली भिंत आतून तासून पातळ केली होती. पुढं गोळे तळाशी, पाण्याच्या कप्प्यांनी वेढून ठेवायला लागले, तेव्हा हे तुकडे गेले. हे कळल्यावर तो प्लॅस्टिकचा चौकोन कुठंही सरकवून चिकटवायला हात धजत नाही. त्याच्या भोवतीचं वेल्डिंग असं कर: स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर धरून केसासारखा ताण, तो कडेला ठेव, पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा गोंद) सोडून मऊ होऊ दे आणि जुन्या ब्लेडच्या टोकानं जवळजवळ दाबत जा. वेल्डिंगची लहर हुबेहूब उठते. घाई करू नकोस, सिमेंट मुरायला अर्धा मिनिट तरी दे.

टरेट मात्र प्रत्येक शर्मनचं ओतीवच असतं, हल कसाही असो. त्यामुळं ते गुळगुळीत ठेवू नकोस. द्रवरूप पुटी राठ ब्रशनं टिचकावून लाव, वाळली की बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरव. खडबडपणा दिसण्याआधी बोटाला जाणवला पाहिजे, इतकाच. नगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा तुला घेऊन जाणार आहे. शर्मनच नव्हे, त्या काळातल्या कुठल्याही रणगाड्याच्या ओतीव टरेटजवळ उभं राहून पोलादाचा पोत निरखला, वेल्डिंगच्या जाड रेघा बघितल्या, की किती ठेवायचं आणि किती घासायचं हे हाताला आपोआप समजतं. जपानी रणगाडेही आहेत तिथं, मेक्टिलाच्या निमित्तानं तेही बघू.

तू विचारलेला हत्तीचा फोटो खराच आहे. २९ मार्च १९४५, मेक्टिलाच्या रस्त्यावर डेक्कन हॉर्सचा शर्मन आणि जपान्यांकडून नुकताच सुटलेला हत्ती. याच सुमारास मेक्टिलाभोवतीचा जपानी वेढा मोडला होता. हे दृश्य करावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण रणगाड्याच्या आसपास पायदळाची माणसंही ठेव. त्या ब्रिगेडबरोबर बॉम्बे ग्रेनेडियर्सची बटालियन होती, आणि रणगाड्यांना चिकटून चालत त्यांचं रक्षण करणं हे तिचं काम. जपानी सैनिक स्फोटकं घेऊन थेट रणगाड्यावर धावून यायचे. झाडीकडं बंदूक रोखलेली दोन-तीन माणसं नसतील तर ब्रह्मदेशातली लढाई दिसणारच नाही. हत्ती १/३५ मध्ये मिळवावा लागेल, खेळण्यातला चालणार नाही, तो पोक्त दिसला पाहिजे.

हीच डेक्कन हॉर्स १९६५ मध्ये असल उत्तरला शर्मन घेऊनच उभी होती, पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर. ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद लढले ते तिथंच. तोवर आपल्याकडच्या काही शर्मनवर फ्रेंच ७५ मि.मी. तोफ चढली होती, एएमएक्स-१३ या फ्रेंच रणगाड्यावरची. त्या युद्धात शर्मन दोन्ही बाजूंना होते. मेक्टिला झालं की तो शर्मन करू, एकत्र. मला त्याचं फार दिवसांपासून मनात आहे.

पुढं कधी जर्मन किंवा रशियन रणगाड्यांकडं वळलास तर तिथलीही अक्षरं आधी तपास. पँथर आधी ‘डी’ निघाला, मग ‘ए’, मग ‘जी’. टी-३४ ला खोक्यावर १९४१, १९४२ अशी सालं लावतात, पण स्टालिनग्राडचा आणि निझनी तागिलचा एकाच वर्षीचा टी-३४ शेजारी ठेवलास तर चाकांपासून फरक दिसेल.

ईझी एट विकू नकोस. तो १९४५ च्या युरोपातला कर, नाहीतर कोरियातला. दोन्हीकडं तो भरपूर लढला आणि फोटोही चांगले आहेत. नवं किट आलं की स्प्रू न कापता आधी हलचा खालचा भाग आणि बोगी जोडायची भोकं यांचा फोटो पाठव, बाजूला स्केलपट्टी ठेवून. त्यावरून मी लांबी बघून कळवतो. डेकॅलचा, म्हणजे चिकटवायच्या खुणांचा, विचार नंतर करू, कारण खुणा कोणत्या हे तू कोणता रणगाडा निवडतोस त्यावर ठरणार.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार. चिन्मयला एखादी बोगी जोडायला दे, मात्र ब्लेड त्याच्या हाती देऊ नकोस.

तुझा,
मिलिंद