तिसऱ्या तारेचा चौथा फ्रेट

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गिटार स्वतःच शिकत राहावे की वसतिगृहाजवळच्या क्लासला जावे, असे तू परवा फोनवर विचारलेस. मी ‘क्लासला जा’ एवढेच म्हणालो आणि तू गप्प झालास. तीन महिने व्हिडिओ पाहून तू जे मिळवले आहेस ते मी मोजलेच नाही, असे तुला वाटले असावे. तसे मुळीच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

१९८६ साली मी दादरला एक जुनी गिटार विकत घेतली, तेव्हा शिकवणीचे पैसे माझ्याजवळ नव्हते. होते ते एक पातळ पुस्तक. तारा जुळवण्याची रीत त्यात दिलेली होती. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या पाचव्या घरात) बोट दाबले की जो स्वर येतो, त्या स्वराला पाचवी तार मोकळी जुळवायची, मग पाचवीवरून चौथी, आणि असेच पुढे. फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरी जुळवताना पाचव्याऐवजी चौथा फ्रेट धरायचा असतो, आणि नेमके तेच वाक्य माझ्या नजरेतून सुटले. त्यामुळे माझी दुसरी तार अर्ध्या स्वराने चढी राहिली, आणि पहिली तार दुसरीवरूनच जुळवायची असल्यामुळे तीही तितकीच चढली. आठ महिने मी अशा गिटारवर रोज तासभर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, घोटत होतो. घरी भजनाला हार्मोनियम वाजवत असल्यामुळे माझा कान तक्रार करत होता, नाही असे नाही. पण पाश्चात्त्य संगीत असेच वाजत असेल, आपल्याला त्याची सवय नाही, अशी मी त्याची समजूत घालत राहिलो. त्या आठ महिन्यांतले मला सर्वांत जास्त लागलेले काही असेल, तर ते हेच आहे. पुस्तकावर माझा विश्वास होता, श्रमांवर होता, आणि जो खरे सांगत होता त्या कानावर मात्र नव्हता.

शेवटी माहीमला राहणाऱ्या एका गोमंतकीय वादकांकडे गेलो. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणी मेस्त्रांच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या, हाताखाली ते नोटेशन (स्वरलेखन) आणि व्हायोलिन शिकले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक दिसत, त्यामागे या शाळांचा मोठा वाटा होता; समोर आलेला कागद वाचून लगेच वाजवणारी मुले तेथे तयार होत. सरांनी माझ्याकडून एकच कॉर्ड वाजवून घेतली, काही न बोलता त्या दोन चढ्या तारांच्या खुंट्या उतरवल्या आणि म्हणाले, “आता वाजव.” ती कॉर्ड मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी माझा डावा अंगठा पाहिला. तो गिटारच्या मानेला मागून आधार देण्याऐवजी वर येऊन बसला होता आणि त्यामुळे मनगट दुमडले जात होते. तारा एका मिनिटात उतरल्या, पण अंगठ्याची खोड मोडायला मला वर्ष लागले.

अमेरिकेचा प्रसिद्ध रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स कोणाकडे शिकला, असे तू म्हणशील. तो बराचसा स्वतःच शिकला, हे खरे आहे. डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून तो वाजवीत असे. परंतु नावारूपाला येण्यापूर्वी त्याने आयझली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड या नामांकित गायकांच्या साथीला वाजवले होते, म्हणजे त्याची चूक ऐकणारी जाणती माणसे त्याच्या शेजारी उभी होती. तुझ्यासमोर पडदा आहे, आणि पडदा तुला दाखवतो, पण तुझ्याकडे पाहत नाही. आपल्याकडचे ब्रिजभूषण काब्रा यांचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर त्यांनी राग वाजवले आणि त्यांचे गुरू होते सरोदवादक अली अकबर खाँ. गिटारवर शास्त्रीय संगीत शिकवणारी परंपरा उभी नसताना हात त्यांनी स्वतः घडवला, पण स्वर मात्र गुरूकडून तपासून घेतला.

आता तुझ्या एफ मेजरविषयी, म्हणजे पहिल्या फ्रेटवर स्वच्छ वाजत नाही त्या कॉर्डविषयी. बोटांना दोष देण्यापूर्वी एक करून पाहा. तीच बॅरे कॉर्ड, म्हणजे तर्जनीने सगळ्या तारा एकदम दाबून धरायची कॉर्ड, पाचव्या फ्रेटवर धर. तेथे ती ए मेजर होईल. तेथे सर्व तारा स्वच्छ वाजल्या आणि पहिल्या फ्रेटवर वाजल्या नाहीत, तर नटवरच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावरच्या) खाचा उथळ राहून तारा फार वर असण्याची शक्यता मोठी आहे. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. सरावाने ते सुटणार नाही. पाचव्या फ्रेटवरही तारा खरखरल्या, तर तर्जनी थोडी अंगठ्याच्या बाजूला कलती कर, म्हणजे तिची कडक कड तारांवर येईल, आणि ती फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेव.

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ग्रेडच्या परीक्षांची माहिती मिळेल. आठ ग्रेड असतात आणि त्यात गैर काही नाही, पण तुला आत्ता त्यांची गरज नाही. पहिल्या तासाला सर तुझे हात पाहतात की सरळ गाणे देतात, एवढे बघ. हात पाहणारे असतील, तर सहा महिने निमूट जा. गाणी मात्र स्वतःच बसवीत राहा. मी कॅसेट मागे-पुढे करून खालचा एकेक स्वर शोधत असे. त्या कष्टाने कान जसा तयार झाला तसा कोणत्याही तासाने झाला नाही, आणि व्हिडिओत बोटे आधी पाहिलीस तर नेमके तेच तू गमावशील.

सहा महिन्यांची फी मी भरतो, त्याची काळजी करू नकोस. दिवाळीला येताना गिटार बरोबर आण. नट आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
बाबा