शेगडीची उपमा आणि नॅनोकण

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

चुंबकीय नॅनोकणांनी कर्करोगाची गाठ तापवण्याच्या उपचारावरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लोहाच्या ऑक्साइडचे कण गाठीत टोचायचे आणि बाहेरून सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावायचे, इथपर्यंत सारे ठीक. ‘इंडक्शन शेगडीवर पातेले तापते अगदी तसेच’ या वाक्याशी मात्र अडखळलो. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवल्याने जडलेली खोड म्हणा.

पातेले तापते ते मुख्यतः त्याच्या बुडात गोल गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे. दहा-पंधरा नॅनोमीटरच्या कणात असा प्रवाह फिरायला जागाच कुठे आहे? तिथे क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होते, कणाचे चुंबकत्व त्याच्यामागोमाग वळू पाहते आणि दर खेपेला जरासे मागे पडते. काही कण तर अख्खेच गरकन फिरतात आणि भोवतालच्या द्रवाशी घासतात. या ओढाताणीत जी ऊर्जा खर्ची पडते, तीच उष्णता.

हा नुसता कीस नव्हे. शेगडीतल्यासारखे प्रवाह निरोगी शरीरातही निर्माण होतात, कारण आपल्या ऊतींतून वीज वाहते. त्यामुळे क्षेत्र हवे तेवढे वाढवता येत नाही, नाहीतर जिथे कण नाहीत ती जागाही तापू लागते. जर्मनीत ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर या उपचाराची चाचणी झाली, तेव्हा रुग्णांच्या दातांत भरलेला धातू आधी काढावा लागे. म्हणजे शेगडीची उपमा लागू पडते ती दाताला, औषधाला नाही!

त्याच चाचणीबद्दल आणखी थोडे. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ पुन्हा उद्भवलेल्या ५९ रुग्णांमध्ये, गाठ परतल्याचे निदान झाल्यापासूनचे मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १३.४ महिने आढळले. आकडा आशादायक खरा, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कणांच्या जोडीला किरणोपचारही दिलेले होते. लोहामुळे एमआरआयची चित्रे बिघडतात, ही अडचण वेगळीच. लेखात यातले काहीच नाही.

‘कण आपोआप गाठ शोधून काढतात’ हेही फार सढळ हाताने लिहिले आहे. शिरेतून दिलेल्या निरनिराळ्या नॅनोकणांच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. गाठीपर्यंत पोहोचलेल्या मात्रेचे मध्यक प्रमाण भरले अवघे ०.७ टक्का. मेंदूच्या त्या चाचणीत कण सुईने थेट गाठीत सोडले, ते उगाच नाही. या कल्पनेवरचे पहिले प्रयोग १९५७ सालचे, म्हणजे तिला ‘कालपरवाचा शोध’ म्हणणेही बरोबर नाही.

लेख आला त्याच संध्याकाळी एका परिचितांचा फोन आला. त्यांच्या पत्नीची केमोथेरपी सुरू आहे. “सर, मग हे केमो थांबवून ते चुंबकाचं करता येईल का?” त्यांच्या आवाजातला उत्साह ऐकून मला क्षणभर काही सुचेना. ठरलेली केमोची तारीख चुकवू नका आणि हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारा, एवढे सांगितले. या विषयावर पुढे काही छापाल, तर ‘किरणोपचारासोबत’ हा एक शब्द मथळ्यातच घालावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक