बाबांच्या गुडघ्याच्या वाटीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एक्स-रेचे फोटो मोठे करून पाहिले. बाबा, चार दिवसांपूर्वी तुम्ही ओट्यावर आपटलात, पण त्यात गुडघ्याची वाटी मोडली असं मला वाटत नाही. तिचा वरचा, बाहेरच्या अंगाचा कोपरा लहानपणापासूनच वेगळा असावा. याला बायपार्टाईट पॅटेला, म्हणजे दोन भागांची वाटी, म्हणतात. नुसत्या फोटोवरून शिक्कामोर्तब करत नाही, पण गुडघ्याला प्लास्टर घालण्याआधी हाडाच्या डॉक्टरांना हे विचारायलाच हवं.

जन्मतः वाटी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीची असते. साधारण 3 ते 6 वर्षांच्या वयात तिच्यात हाड धरू लागतं. काही मुलांत पुढे, 8 ते 12 च्या सुमारास, कोपऱ्यात हाडाचा आणखी एक ठिपका उगवतो. बहुतेकांचा तो मुख्य हाडाला जुळून जातो. शंभरात दोनेक जणांचा जुळत नाही आणि मध्ये कूर्चेचा सांधा उरतो. हे पुरुषांत जास्त दिसतं. बहुतेकांना जन्मभर पत्ताच नसतो, कारण दुखत काहीच नाही.

मग आत्ताच का दुखतंय? मांडीचा बाहेरचा मोठा स्नायू नेमका त्याच कोपऱ्यावर येऊन चिकटतो. ओट्यावर आपटल्याने तो कूर्चेचा सांधा हलला, सुजला, आणि आता गुडघा वाकवला की स्नायू त्या तुकड्याला ओढतो. आई, तू एक बोट ठेवून बघ: दुखरी जागा वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातच सापडायला हवी. वाटीच्या मधोमध दाबल्यावर कळ आली तर माझा अंदाज चुकतोय, तसं लगेच कळव.

एक्स-रेवर फरक असा. ताज्या फ्रॅक्चरची रेघ बहुधा वाटीच्या मध्यातून आडवी जाते आणि कडा दातेरी असतात. बाबांच्या फोटोत तुकडा कोपऱ्यात आहे, कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत आहेत आणि दोन्ही बाजूंना पांढरी किनार आहे. ती किनार चार दिवसांत तयार होत नाही. तरी दुसऱ्या गुडघ्याचाही एक्स-रे काढून घ्या. बऱ्याच जणांना हे दोन्हीकडे असतं आणि तसं निघालं तर वादच मिटतो. एकाच बाजूला निघालं म्हणून मात्र फ्रॅक्चर सिद्ध होत नाही. तरीही शंका राहिली तरच एमआरआय.

प्लास्टरवर मी इतकी अडून बसले आहे, कारण या वयात गुडघा 4-6 आठवडे बांधून ठेवला की मांडी वाळते, सांधा आखडतो आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. फार दुखत असेल तर काढता-घालता येणारा पट्टा पुरे. बर्फ टॉवेलात गुंडाळून 15 मिनिटं, दिवसातून तीनदा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल 650, दिवसातून जास्तीत जास्त तीन, दोन गोळ्यांत किमान सहा तास. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दुकानातून आणू नका. त्यांनी बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. आणि मालिशवाल्याला तर अजिबात बोलावू नका. तो नेमका त्या तुकड्यावरच अंगठा रगडेल.

व्यायाम डॉक्टरांनी फ्रॅक्चर नाही म्हटल्यावरच सुरू करा. पलंगावर पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबायची, 5 सेकंद धरायची, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडला जाणार नाही. दाबताना नितंब उचललं गेलं तर मांडीऐवजी कंबरच काम करतेय. हे जमलं की दुसरा गुडघा वाकवून सरळ पाय वीतभर उचलायचा, तोही 5 सेकंद. उचलताना गुडघा वाकायला लागला तर अजून घाई होतेय. परत गुंडाळीवर या. मांडी ताणण्याचा व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी: कुशीवर झोपून घोट्याला ओढणी अडकवायची आणि टाच हळूहळू मागे आणायची, 20 सेकंद, तीनदा. झटका दिला तर तुकडा पुन्हा ओढला जाईल.

तोवर उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं बंद. पूजा खुर्चीवर, संडास कमोडचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रंगपंचमीच्या गेरीला, त्या रंगांच्या मिरवणुकीला, इंदूरच्या राजवाड्यावर जायचा हट्ट यंदा नको; त्या रेट्यात तोल सांभाळणं धडधाकट माणसालाही जड जातं.

ऑपरेशनचं कुणी एवढ्यात सुचवलं तर थांबा. काही महिने व्यायाम करूनही दुखणं हटलं नाही तरच तो विचार: तुकडा लहान असेल तर काढतात, मोठा असेल तर स्क्रूने जोडतात. नुसता एक्स-रेत दिसतो म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

पण सरळ पाय पलंगावरून उचलताच आला नाही, किंवा गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी दुखत असताना दम लागला तर तडक इमर्जन्सीत.

दुसऱ्या गुडघ्याची फिल्म आली की खिडकीच्या काचेवर धरून, फ्लॅश बंद करून फोटो पाठवा. मागच्या वेळी अर्धी वाटी उजेडात गेली होती.

तुमची,
मनू