एमएच २६ च्या निळ्या टेंपोवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

गणपतीत लातूरला आमच्या बँडला लाइट तुम्ही दिली होती. सामान भरता भरता रात्रीचे दोन वाजले आणि नाव विचारायचंच राहिलं. टेंपोच्या पाटीवरून नांदेडकडचे असाल एवढं कळलं. म्हणून हे असं चारचौघांत.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. तेव्हाच्या लाइटवाल्याने स्टेजचे सगळे रंगीत पार दिवे आवाजावर चालणाऱ्या साउंड मोडवर टाकले आणि स्वारी जेवायला गेली. त्या मोडात दिव्याला गाणं कळत नाही, नुसता दणका कळतो. आम्ही संथ जोगवा धरलेला आणि स्टेजवर वरातीची लखलख! आयोजकांना सांगितलं तर म्हणे, "ताई, लाइट लागलीय ना? मग?" बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. रात्रभर डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. यंदा ते येतच नव्हते, ओढून आणलं.

तुम्ही दुपारीच आलात. शार्पी, म्हणजे ते फिरते झोतवाले दिवे, आपल्याआपण झटके खात होत्या. तुम्ही एकेक केबल चाचपत गेलात, तर दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या डीएमएक्सच्या लाइनीत मधेच कुणीतरी माइकची केबल जोडलेली. ती बदललीत, शेवटच्या शार्पीला लाइन बंद करणारा १२० ओमचा टर्मिनेटर खोचलात, आणि सगळ्या गपगुमान उभ्या राहिल्या. काम चोख. पण त्याचे पैसे ठरलेले होते, आभार त्याचे नाहीत.

आभार खुर्चीचे आहेत. फोकस लावून झाल्यावर तुम्ही स्टेजवर चढलात आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसलात. समोर बघून डोळे किलकिले केलेत. "हे तर थेट बुबुळात घुसायलंय," असं स्वतःशीच म्हणालात. मग बाबांना बसवून त्यांच्यापुढं उकिडवे बसलात. "काका, आता लागायलंय का डोळ्याला?" बाबा भिडेखातर नाही म्हणाले. तुम्हाला ते पटलं नाही. पोराला परत शिडीवर चढवून दिवा बाजूला घ्यायला लावलात, पुढून नुसता अंबर, पिवळसर नारिंगी उजेड ठेवलात. तीनदा विचारलंत. पन्नास वर्षं संबळ वाजवतायत ते, कुणी एकदा विचारलं नव्हतं.

आपल्याकडं गाणारीला हार, वाजवणाऱ्याला टाळ्या आणि लाइटवाल्याला "ए लाइट!" अशी हाक. अन् आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची काळजी केली ती त्यानेच.

जोगव्याला तुम्ही उजेड कमी करायचा फेडर इतका हळू खाली आणलात की अंधार कधी झाला ते मलाही कळलं नाही. बाबा डोळे उघडे ठेवून वाजवत होते.

दिवाळीनंतर पुढचा कार्यक्रम आहे. लाइटवाला आमचा आम्ही आणणार, असं आयोजकांना सांगून टाकलंय. निळा टेंपो, मागच्या फाळक्याला नायलॉनची दोरी. कुणाच्या ओळखीचा असेल तर कळवा, बाबा रोज विचारतात.