सूट नेमकी कोणाला द्यायची, हे दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण जुन्या लिनक्स कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, स्वतःची शाखा सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या टीम बऱ्याच आहेत, आणि ऑब्जटूल या कोड तपासणाऱ्या साधनातून कोणत्या फाइलींना सूट द्यायची, हे तुम्ही जे समजावलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

रेटब्लीड या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या, जुलै २०२२ मध्ये आलेल्या दुरुस्त्या आम्ही आमच्या शाखेत बॅकपोर्ट करत होतो, म्हणजे नव्या कर्नेलमधून जुन्यात उतरवत होतो. बिल्ड शेवटपर्यंत जायचा, पण लॉग ऑब्जटूलच्या वॉर्निंगनी भरून जायचा. 'नेकेड रिटर्न', म्हणजे संरक्षण नसलेला रिटर्न, 'सापडला', फाइलमागून फाइल हेच, आणि सगळ्या फाइली व्हीडीएसओच्या (कर्नेल प्रत्येक प्रोसेसला जोडून देतं त्या छोट्या लायब्ररीच्या) डिरेक्टरीतल्या. आमच्या शाखेतली मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) मूळ कर्नेलपेक्षा वेगळी लिहिलेली, त्यामुळे तिकडचं बघून इकडे उतरवणंही सोपं नव्हतं. रिलीज तोंडावर आलेलं. कोणी म्हणत होतं, ऑब्जटूलच बंद करून टाकू. कोणी म्हणत होतं, व्हीडीएसओलाही रिटर्न थंकचा (फंक्शनमधून सुरक्षित वाटेनं परत नेणाऱ्या कोडच्या तुकड्याचा) फ्लॅग लावू, म्हणजे वॉर्निंग जातील. तुमच्या घरी तेव्हा गौरी-गणपतीची गडबड होती, तरी तुम्ही कॉलवर आलात, दोन्ही बाजू ऐकून घेतल्यात आणि विचारलंत, "हा कोड चालतो कुठे, ते आधी सांगा."

मग तुम्ही आम्हाला टर्मिनलवर चालू प्रोसेसचा मेमरी नकाशा उघडायला लावलात. प्रॉक खालची मॅप्स ही फाइल. शेवटाकडे, स्टॅकच्या जवळच, चौकटी कंसात 'व्हीडीएसओ' अशी ओळ. हा नकाशा मी अनेकदा पाहिलेला आहे, पण त्या ओळीकडे या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. कर्नेलच्या सोर्समध्ये लिहिलेला, कर्नेलबरोबरच बिल्ड होणारा हा कोड चालतो मात्र युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नेलबाहेर सामान्य प्रोग्रामच्या जागेत, प्रोसेसच्या स्वतःच्या स्टॅकवर. प्रोग्रामनं वेळ विचारली की क्लॉक_गेटटाइम दरवेळी सिस्टिम कॉल न करता इथल्या इथे उत्तर देऊ शकतं, त्यासाठीच तर ही सगळी रचना. आणि रिटर्न थंक राहतो कर्नेलच्या पत्त्यावर. युजरस्पेसमधून तिथे उडी मारायची सोयच नाही. म्हणजे व्हीडीएसओमधला साधा रिटर्न हा दोष नव्हताच. ऑब्जटूल त्याला कर्नेलचा नियम लावत होतं, इतकंच.

ऑब्जटूलची मूळ कथाही तुम्ही तेव्हाच सांगितलीत, आणि ती ऐकल्यावर सूट का आहे हे वेगळं पटवावं लागलं नाही. जॉश पॉइमबोफ यांचं हे साधन २०१६ साली लिनक्स ४.६ मध्ये आलं. कर्नेलच्या स्टॅक ट्रेसवर, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं या साखळीवर, भरवसा ठेवता यावा, हा त्यामागचा हेतू. लाइव्ह पॅचिंगला, म्हणजे मशीन बंद न करता कर्नेल दुरुस्त करायला, तो भरवसा लागतोच. पुढे २०१७ मध्ये ४.१४ पासून ही साखळी उलगडणाऱ्या ऑर्क अनवाइंडरसाठीची माहितीही तेच तयार करू लागलं. पण बूट इमेज, रिअल मोडचा कोड, पर्गेटरी (एका कर्नेलवरून दुसऱ्यावर जाताना मधे चालणारा कोड) आणि व्हीडीएसओ यांना पहिल्यापासूनच तपासणीतून वगळलेलं आहे, कारण चालू कर्नेलच्या स्टॅक ट्रेसमध्ये ते येतच नाहीत. त्यासाठी मेकफाइलमध्ये 'ऑब्जेक्ट_फाइल्स_नॉन_स्टँडर्ड' या नावापुढे 'वाय' लिहायचं. एका ओळीचं काम.

इथे आम्ही सगळे मोकळे झालो होतो. ओळ टाकायची, वॉर्निंग गेल्या, रिलीज गेलं. तुम्ही मात्र थांबवलंत, आणि खरे आभार त्या थांबवण्याचे आहेत.

"डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल उघडून बघा," म्हणालात. व्हीएमए.सी उघडली. तयार व्हीडीएसओ इमेज प्रोसेसच्या मेमरीत बसवून देण्याचं काम तिचं, आणि ते काम कर्नेलमध्येच होतं. व्हीडीएसओ३२-सेटअप.सी ही बूटच्या वेळी दिलेला पर्याय वाचते, तीही कर्नेलचाच भाग. नावात व्हीडीएसओ, शेजार व्हीडीएसओचा, पण युजरस्पेसशी संबंध नाही. सरसकट सूट दिली असती तर या फाइलींचीही तपासणी गेली असती आणि एकही वॉर्निंग दिसली नसती. ऑब्जटूल नुसतं तपासत नाही. कर्नेलमध्ये रिटर्न कुठे कुठे आहेत याची यादीही तेच करून ठेवतं, आणि बूट होताना त्या यादीवरून प्रत्येक जागी योग्य थंक बसवला जातो. यादीत नाव नाही तर ती जागा तशीच राहते. ज्या दुरुस्तीसाठी आमचा एवढा खटाटोप चालला होता, तीच दुरुस्ती त्या फाइलींपुरती अर्धवट राहिली असती.

मूळ कर्नेलमध्येही व्हीडीएसओ३२-सेटअपची फाइल अशीच सुटीत राहून गेली होती आणि २०२३ मध्ये तिला पुन्हा ऑब्जटूलखाली आणलं, हा कमिट तुम्ही स्क्रीनवर दाखवलात. इतक्या बारीक नजरेच्या लोकांकडूनही जे निसटतं, ते आम्ही फाइल न उघडता सोडून देणार होतो असं तुम्ही एका शब्दानंही सुचवलं नाहीत. आमच्या टीममधली दोन मुलं नवीन आहेत. त्यांच्या मनात त्या दिवशी दडपण राहिलं नाही, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं.

शेवटी मेकफाइलमध्ये डिरेक्टरीसाठी 'वाय' राहिला आणि व्हीएमए, तशीच कर्नेलचाच भाग असलेली एक्सटेबल व व्हीडीएसओ३२-सेटअप या तीन ऑब्जेक्टपुढे स्पष्ट 'एन', म्हणजे सूट नाही, असं लागलं. पडताळणीही तुमच्याच सांगण्यावरून केली. ऑब्जडम्प या साधनानं व्हीएमए.ओचे सेक्शन काढले तर त्यात रिटर्न_साइट्स, म्हणजे ती रिटर्नची यादी, हा सेक्शन होता. व्हीक्लॉक_गेटटाइम.ओमध्ये नव्हता. दोन्ही जसं हवं तसंच. लॉग कोरा निघाला, आणि या वेळी तो कोरा का आहे हे टीममधला प्रत्येक जण सांगू शकत होता.

आता आम्ही नव्या कर्नेलकडे जाण्याच्या तयारीला लागलो आहोत. सूट दिलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टपुढे तो कुठे चालतो ही टीप लिहायची, असं टीमनं ठरवलंय. बूट आणि ईएफआयच्या डिरेक्टरींची यादी नवीन आलेल्या मुलांनीच करायला घेतली आहे. झाली की तुमच्याकडे पाठवते. सवडीनं नजर घाला.

तुमची,
कर्नेल टीममधली एक
पुणे